इथे कोणी आहे का?

घड्याळं एक तास मागे घ्यायचा रविवार आला की आमच्या गल्लीत घरोघरी रेडिएटरची सरबराई सुरू होते. त्यासाठी एक इवलीशी किल्ली असते. ती फिरवून आत अडकलेली हवा सोडायची. फुस्स आवाज येतो, मागून दोन-चार थेंब काळं पाणी गळतं, की झालं, घर हिवाळ्याला तयार. नेदरलँड्समधल्या बेस्ट शहराजवळच्या या गावात मी इतकी वर्षं राहतेय की आता माझ्याही स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, चिमटा आणि किसणीच्या मध्ये, ती किल्ली असते. यंदाही फिरवली. हातावर काळे थेंब पडले, आणि दरवर्षी पडतात तेव्हा होतं तेच झालं. रीटबाई आठवल्या आणि तो हिवाळा आठवला.

मराठीत थंडी वाजते. पाऊस पडतो, ऊन लागतं, वारा सुटतो, पण थंडी मात्र वाजते. पुण्यात लहानाची मोठी होताना मला याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या हिवाळ्यात गावातल्या जुन्या चर्चमध्ये जाऊन बसायला लागले तेव्हा कळलं की ती खरंच वाजते. बाकांचं लाकूड कडकड करतं. कोणीतरी खोकतं, आणि तो खोकला उंच छतापर्यंत जाऊन थोड्या वेळाने परत येतो. म्हाताऱ्या माणसांच्या हातातल्या प्रार्थनेच्या पुस्तकांची पानं कोणी उलटत नसतानाही फडफडतात. मी नास्तिक नाही आणि फार आस्तिकही नाही. गणपतीत आरतीला उभी राहते, एवढंच. चर्चशी माझा संबंध आला तो देवामुळे नव्हे, थंडीमुळे.

आणला तो टोनने. टोन हा आमचा समोरचा शेजारी, सत्तरीतला, चर्चच्या किल्ल्या त्याच्याकडे असायच्या. एका संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, "तू उष्णतेचं काम करतेस ना?"

"उष्णता काढून टाकायचं," मी म्हटलं. "मोठी यंत्रं तापतात, ती निववायचं."

"मग आता उलटं कर," टोन म्हणाला, आणि आत येऊन बसला.

मामला असा होता. चर्च शेकडो वर्षांचं, विटांचं, सरकारी यादीतलं स्मारक. गरम करायची जुनी पद्धत म्हणजे जमिनीतल्या जाळीतून गरम हवेचा झोत सोडायचा. गरम हवेला खाली थांबायची सवय नसते. ती तडक वर जायची. छतावर रंगवलेले देवदूत उबेत आणि खाली बसलेली माणसं काकडलेली. शिवाय रविवारी एकदम गरम आणि सोमवारपासून गार, या धसमुसळेपणाने ऑर्गनच्या लाकडाला भेगा पडल्या होत्या. गॅस इतका महाग झालेला की झोत सोडायचा तर जिवावर यायचं. बिशपच्या कचेरीतून निरोप आला होता की हा हिवाळा बघू, निभावलं तर ठीक, नाहीतर हे चर्च बंद करून सगळ्यांना पलीकडच्या गावच्या नव्या इमारतीत पाठवू. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची माझी हौस जुनी आहे. मी हो म्हटलं.

उपाय अवघड नव्हता. हवा तापवूच नका, माणसं तापवा. इन्फ्रारेडची चपटी पॅनल डोक्यावर टांगायची. त्यांच्यातून निघणारी ऊब वाटेतल्या हवेला फारसा हात न लावता थेट अंगावर येते. अंगावर, कोटावर, बाकाच्या लाकडावर. लाल उजेड पडणारे हीटर टोनला नको होते. त्याने कॅफेच्या बाहेर तसले पाहिले होते, आणि येशूच्या डोक्यावर बिअरबारचा उजेड त्याला चालणार नव्हता. म्हणून बिनउजेडाचे निवडले. चर्चच्या समितीतल्या लोकांना हे समजावून सांगताना माझं डच अपुरं पडायला लागलं, तेव्हा मी त्यांना आमच्या पुण्यातल्या घराची गॅलरी सांगितली.

डिसेंबरात सकाळी त्या गॅलरीत ऊन यायचं. हवा गार, फरशी गार, पण उन्हाच्या पट्ट्यात बसलं की पाठ छान शेकून निघायची. बाबा तिथे खुर्ची टाकून मटार सोलत बसायचे. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायचे, मांडीवरचं ताट तसंच धरून. दुपारपर्यंत ते गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचलेले असत आणि निम्मे मटार पोटात गेलेले असत. आई आतून ओरडायची, "भाजीला ठेवा थोडे!" आम्हाला त्या उन्हाचं काय कौतुक असणार? ते रोजचंच होतं.

"म्हणजे तू चर्चमध्ये ऊन टांगणार," टोन म्हणाला.

"तसंच काहीसं."

एके रविवारी मी तापमान मोजायची यंत्रं घेऊन मासला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला गेले. कुठे बसावं कळेना. एवढ्या मोठ्या जागेत माणसं विखरून बसलेली, जो तो आपापल्या जुन्या जागी. डावीकडच्या खांबाला लागून एक बाक होता. त्यावर ऐंशी उलटलेल्या एक बाई ताठ बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामी, पण तिच्यावर एक तपकिरी पुरुषी टोपी ठेवलेली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो, तशी. मी वाकून हळूच विचारलं.

आता आपण मराठीत काय विचारतो? समोर जागा ढळढळीत रिकामी दिसत असते आणि आपण विचारतो, "इथे कोणी आहे का?" समोरचाही न गोंधळता सांगतो, "आहे, येतायत." मी घाईत हेच वाक्य शब्दाला शब्द लावून डचमध्ये नेलं. "इस हीर ईमान्त?" डच माणूस असं विचारत नाही. जागा मोकळी आहे का, असं तो विचारतो. मी जे विचारलं ते अंधारलेल्या घरात शिरताना विचारतात.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.  मग त्या टोपीकडे बघून म्हणाल्या, "या. हीर इस ईमान्त." डचमधलं 'या' म्हणजे आपलं हो. हो, इथे आहे कोणीतरी.

त्या रीटबाई. डचमध्ये आमचं पहिल्याच दिवशी अगं-तुगं झालं, त्यांनीच तसा हट्ट धरला. पण मराठीत लिहिताना माझी लेखणी अडते, त्यामुळे इथे त्या रीटबाईच राहतील. टोपी हारीची. हारी त्यांचा नवरा, तीन वर्षांपूर्वी गेलेला. लग्न या चर्चमध्ये झालं, मुलांचे बाप्तिस्मे इथे झाले, आणि पुढची सगळी वर्षं दोघं याच बाकावर बसली, तो खांबाच्या बाजूला, त्या वाटेच्या बाजूला. तो गेल्यावर गावातल्या प्रत्येकाने त्यांना सांगितलं की हारी आता स्वर्गात आहे, हारी तुझ्या हृदयात आहे, हारी आठवणीत आहे. "तो इथे आहे का, असं मला कोणी विचारलं नव्हतं," रीटबाई नंतर एकदा म्हणाल्या. "तू पहिली."  माझं व्याकरण चुकलं होतं, हे सांगण्यात आता काही अर्थ नव्हता.

आमच्या आराखड्यात सगळ्यांनी पुढच्या बाकांवर एकत्र बसायचं होतं. पॅनल तेवढ्याच भागावर. माणसं थोडी, तर ऊबही थोडक्यात भागवायची, हे साधं गणित. सगळे कुरकुरत का होईना पुढे सरकले. रीटबाई सरकल्या नाहीत. कोटावर कोट चढवून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन त्या खांबापाशीच बसून राहिल्या. नाकाचा शेंडा लाल, बोटं निळी. समितीतल्या कोणी तरी त्यांना समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढे हारी कसा येईल? त्याला पुढे बसायला कधीच आवडलं नाही."

मला त्यांनी खरं कारण सांगितलं. "हारीला इथून नेलं. मलाही इथूनच न्यायचं. चर्च बंद झालं तर मला त्या हायवेजवळच्या हॉलमधून नेतील. तिथे हीटिंग उत्तम आहे, मला ठाऊक आहे." मग म्हणाल्या, "पण तिथे मी कोण, हे कुठल्या भिंतीला माहीत असणार?" सगळ्या गावाला चर्च वाचवायचं होतं. रीटबाईंना ते आपल्या मरणापर्यंत वाचायला हवं होतं. एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती काही फार मोठी नव्हती.

एक पॅनल उरलं होतं. जुन्या खांबात खिळा ठोकायला परवानगी नव्हती, म्हणून टोनने खांबाभोवती एक रुंद पट्टा आवळला आणि त्यावर ते बसवलं. ऊब पडली ती बरोबर दोन माणसांच्या जागेवर. टोन शिडीवरून खाली बघत म्हणाला, "एका बाईसाठी जरा जास्तच होतंय."

"दोघांसाठी आहे," खालून रीटबाई म्हणाल्या.

टोनने पाना खिशात घातला आणि शिडी उतरला.

त्याच हिवाळ्यात आई आली होती. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा गेले तेव्हा मी विमानात होते. घरी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं, माणसं दाराशी चपला शोधत होती आणि गॅलरीत बाबांची खुर्ची उन्हात होती. मी तिच्यावर हात ठेवला. गरम होती. तेरावा झाला आणि आठवड्याच्या आत आईने ती खुर्ची खाली वॉचमनला देऊन टाकली. "रिकामी बघवत नाही," म्हणाली. मला ते पटलंही होतं. गेलेल्या माणसाच्या वस्तूंमध्ये अडकून पडू नये, असं सगळे सांगत होते, आणि आई ते शहाण्यासारखं ऐकत होती.

इथे आल्यावर ती दिवसभर रेडिएटरला पाठ लावून बसायची. साडीवर दोन स्वेटर, वर माझं जाकीट, पायात माझ्या नवऱ्याचे लोकरी मोजे. "कसली गं ही थंडी, हाडात शिरते," हे दिवसातून कितीदा तरी. एका रविवारी मी तिला चर्चला नेलं. मला मोजमाप करायचं होतं आणि तिला घरी एकटं ठेवायचं नव्हतं. रीटबाईंनी आम्हाला बघून हात हलवला. आई बाकाशी गेली आणि बसायच्या आधी मला विचारलं, मराठीत, आपलं नेहमीचंच.

"इथे कोणी आहे का गं?"

"आहे. त्यांचे मिस्टर."

"कुठेयत?"

"गेले. तीन वर्षं झाली."

आईने टोपीकडे पाहिलं, रीटबाईंकडे पाहिलं. पदर सावरला आणि त्यांच्या अलीकडे, वाटेच्या बाजूला जरा अंग चोरून बसली. रीटबाई लगेच टोपीच्या दिशेने थोड्या सरकल्या, आईला उबेत घ्यायला. थोड्या वेळाने आईने डोळे मिटले. वर तोंड केलं. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल होताना मी पाहत होते. मग ती डोळे न उघडता म्हणाली, "अगं, हे तर आपल्या गॅलरीतलं ऊन."

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. रीटबाईंनी टोपी उचलली आणि आईचा हात धरून त्या रिकाम्या लाकडावर ठेवला. "वार्म," त्या म्हणाल्या. आईला तेवढं कळलं. ती मान हलवत राहिली. समोर वेदीपाशी पाद्री काहीतरी वाचत होते, त्याचा एक शब्द आम्हा तिघींपैकी कोणी ऐकला असेल असं मला वाटत नाही.

घरी येताना आई रस्त्यात मधेच थांबली. "मी खुर्ची उगाच दिली," म्हणाली.  "बघवत नव्हती म्हणून दिली. आता ते कुठे बसायचे हेच दिसत नाही." एवढ्या वर्षभरात ती माझ्यासमोर रडली नव्हती. त्या दिवशी रडली, आणि मीही. आम्ही सायकलींच्या लाल पट्ट्यात उभ्या होतो. लोक घंटी वाजवून बाजूने जात होते. एकाने तर ओरडूनही सांगितलं की ही चालायची जागा नाही, आणि ते अगदी खरं होतं.

टोनने मला एकदा चर्चच्या मागच्या खोलीत एक जुनी लाकडी पेटी दाखवली होती. वर भोकं, आत निखारे ठेवायचं मातीचं भांडं. पूर्वी बायका ती घरून घेऊन यायच्या आणि पायाखाली, घोळदार झग्याच्या आत ठेवून प्रार्थनेला बसायच्या. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, तशीच. मला ती पेटी बघून हसू आलं आणि मग हसू गेलं. म्हणजे आम्ही नवीन काहीच शोधलं नव्हतं. इमारत गरम करायचा उद्योग मधल्याच काळातला. त्याआधी माणसं आपली ऊब आपल्याबरोबर आणत होती. पण आणायला माणसं हवीत ना. त्या हिवाळ्यात पॅनल उत्तम चालली. मोजमापं इतकी चांगली आली की मी ती ऑफिसातही कौतुकाने दाखवली. ऑर्गनला नवी भेग पडली नाही. आणि दर रविवारी समोरच्या बाकांवर एखादं माणूस कमी दिसायचं. कोणी वृद्धाश्रमात गेलं, कोणी मुलाकडे हूफडॉर्पला राहायला गेलं, कोणी सरळ गेलं. टोन रिकाम्या बाकावरचं पॅनल बंद करायचा. सुरुवातीला तो मला विचारायचा, मग विचारेनासा झाला. ऊब कशी द्यायची ते मला येत होतं. ती घ्यायला माणसं कुठून आणायची, ते येत नव्हतं.

फेब्रुवारीत निर्णय आला. ईस्टरनंतर चर्च बंद. हीटिंग हे कारण नव्हतं, त्याबद्दल तर त्यांनी आमचे आभार मानले होते.

आई तेव्हा परत गेली होती. रीटबाईंना मी आणि टोनने मिळून सांगितलं. त्यांनी ईस्टर कधी आहे ते विचारलं. आम्ही सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या, जणू दाताच्या डॉक्टरची वेळ ठरवत होत्या. त्याच महिन्यात त्यांची छाती कफाने भरली. डॉक्टर हॉस्पिटलात चला म्हणाले, त्या नको म्हणाल्या. इथे अशा नकाराला मान देतात. मी भेटायला गेले तेव्हा खिडकीबाहेर क्रोकसची जांभळी फुलं वर आली होती. "उशीर करून चालणार नाही," त्या हसून म्हणाल्या. मला ते हसू सहन झालं नाही. मी त्यांच्यावर रागावले, अगदी आईवर रागवावं तशी, की असं बोलू नका, ईस्टर काय आणि चर्च काय, तुम्ही बऱ्या व्हा. त्यांनी माझा हात थोपटला. मी पुन्हा तुम्ही म्हणाले होते, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं.

आता त्या चर्चच्या जागी, म्हणजे चर्चच्याच पोटात, फ्लॅट होत आहेत. भिंती त्याच, स्मारक ना. आत मजले घातलेत. कुंपणावरच्या फलकावर एक तरुण जोडपं अनवाणी पायांनी कॉफी पीत बसलंय, आणि फरशी खालून गरम होणार असल्याचं लिहिलंय. मी सायकलवरून रोज तिथून जाते. देवदूतांच्या बरोबर खाली कोणाची तरी झोपायची खोली येईल. येवो बापडी, घरं तर हवीतच. पण डावीकडचा तो खांब कोणाच्या हॉलमध्ये येणार, हा विचार मनातून जात नाही.

ईस्टरच्या आधी, मार्चमधल्या एका गारठलेल्या सकाळी रीटबाईंना त्या चर्चमधून नेलं. त्यांना हवं होतं तसंच. चर्च तुडुंब भरलं होतं. रविवारी न येणारं सगळं गाव आलं होतं. शवपेटी पुढे ठेवली होती आणि तिच्यावर तपकिरी टोपी. अंत्यविधीवाल्या माणसाने टोनला बाजूला घेऊन सांगितलं की पेटीच्या आसपास उष्णता नको. टोनने पुढची सगळी पॅनल बंद केली. सगळा हिवाळा ज्यांच्या उबेसाठी आम्ही धडपडलो, त्या शेवटी चर्चमधल्या सर्वांत गार जागी होत्या. टोनने खांबाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "ते राहू दे."

मी त्याच बाकावर बसले, अगदी टोकाला, ऊब पोचत नाही तिथे. माझ्या आणि खांबाच्या मधल्या दोन जागा रिकाम्या होत्या. वरून त्यांच्यावर न दिसणारं ऊन पडत होतं. लोक येत होते, बघत होते, आणि गाव लहान असल्यामुळे त्या जागा ओलांडून मागे जाऊन उभे राहत होते. घंटा झाली. पाद्री बाहेर आले.

तेवढ्यात एक म्हातारी बाई आली. गावातली नसावी, गाडी चुकली असावी. धापा टाकत होती. डोळ्यांतून थंडीने पाणी येत होतं, हातात काठी होती. तिने मला विचारलं, शुद्ध डचमध्ये, जसं विचारायला हवं तसं. ही जागा मोकळी आहे का?

हिवाळाभर या प्रश्नाचं एकच उत्तर मी ऐकलं होतं. तेच माझ्या तोंडाशी आलं. मी टोपीच्या जागेकडे बघितलं, पण टोपी बाकावर नव्हती, पुढे पेटीवर होती. मी उभी राहिले आणि तिला आत जायला वाट दिली.

"मोकळी आहे," मी म्हटलं. "बसा. इथे कोणी नाही."

ती बसली. हातमोजे काढून तिने दोन्ही बाजूंना लाकडावर हात टेकले आणि दचकून माझ्याकडे पाहिलं.

"अरेच्चा, जागा गरम आहे," ती कुजबुजली. "कोणीतरी उठून गेलं वाटतं इथून."

"हो," मी म्हटलं. "आत्ताच."